मूल मावशीला चिकटलं, तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स. न.

मी पाळणाघरात तान्ह्या मुलांच्या खोलीत काम करते. 'मूल तुम्हाला फारच चिकटलंय हं,' हे वाक्य अधूनमधून कानावर येतंच. आई हसत म्हणते, पण मनाला लागलेलं असतं. संध्याकाळी तिने हात पुढे केले तरी बाळ माझ्या खांद्यात तोंड खुपसतं, मग लागणारच. त्यानंतर कधी बाळाची खोली बदलते, कधी सांभाळणारी. पूर्वी मी जिथे होते तिथे तर कुणा एकीचा लळा लागू नये म्हणून बायकांच्या पाळ्या मुद्दाम फिरवत. त्यात बाळाचा विचार मला कधी दिसला नाही.

लंगोट बदलताना मी 'आता पाय वर' म्हणते आणि थांबते. सुरुवातीला काहीच होत नाही. मग कधीतरी बाळ माझ्या तोंडाकडे टक लावून बघतं आणि पाय उचलतं. मध्येच मान वळवून भिंतीकडे पाहतं. तेव्हा खुळखुळा नाचवून त्याला मागे ओढायचं नसतं. जरा दम खाल्ला की ते आपणहून वळतं. कोण पटकन वळतं, कोण वेळ घेतं, हे रोजच्या हातालाच कळतं. आज आलेली बाई कितीही मायाळू असली तरी तिला ते कसं कळावं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. खेळता खेळता आईने चेहरा एकदम मख्ख करायचा, एवढंच. बाळ आधी हसून, आवाज काढून तिला बोलावू पाहतं; ती ढिम्म राहिली की तोंड फिरवतं आणि मलूल होतं. आई समोरच बसलेली असते, तरीही.

आईची जागा दुसरं कुणी घेईल ही भीती मी समजू शकते, पण ती निराधार आहे. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांच्या घरी वरचेवर जाऊन नोंदी केल्या आणि १९६४ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. दीड वर्षाची होईतो बहुतेक बाळांना एकाहून अधिक माणसांचा लळा लागलेला होता. शिवाय जास्त वेळ जवळ असणाऱ्यापेक्षा बाळाच्या हाकेला ओ देणाऱ्याकडे त्याची ओढ अधिक होती. कामावर जाणाऱ्या आयांना हे कुणी सांगत का नाही?

मुलांच्या लळ्याच्या अभ्यासाचा पाया घालणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी स्वतः लंडनच्या एका सधन घरात दाईच्या हाताखाली वाढले. ते चार वर्षांचे असताना त्यांची लाडकी दाई घर सोडून गेली, आणि ते दुःख त्यांना आई गमावल्यासारखं वाटलं. घरात आई होतीच की!

सांभाळणारी बदलावीच लागते, हे मलाही कळतं. माणसं आजारी पडतात, नोकऱ्या सोडतात. (पगार बघता सोडतातच!) पण सात-आठ महिन्यांचं बाळ अनोळखी चेहरा पाहून आधीच कावरंबावरं होतं, नेमकं त्याच वयात त्याला रातोरात नव्या हाती देऊ नये. नवी बाई काही दिवस जुनीच्या शेजारी बसू दे. आधी तिने नुसतं खेळवावं, मग भरवावं, आणि झोपवण्याचं काम सर्वांत शेवटी घ्यावं, कारण पेंगुळलेलं मूल ओळखीचाच हात मागतं. पाळणाघर निवडताना पालक कॅमेरे किती, खेळणी कोणती हे विचारतात. आमच्या बाळाला रोज कोण घेणार, आणि ती रजेवर गेली तर तिच्या जागी कोण, हेही विचारावं.

— पाळणाघरातील एक सेविका