क्लासवाल्यांनो, पहिल्या दिवशी 'व्हेन्व' शिकवा

संपादक महोदय,

ठाणे स्टेशनबाहेर पायथन नि डेटा सायन्सच्या क्लासची जाहिरात दिसली नाही असं होत नाही. शिकवतात ते शिकवोत, पण आधी व्हेन्व शिकवा, म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टच्या लायब्रऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणारं पायथनचं साधन. मी ऐरोलीला आयटीत आहे, नवीन पोरं हाताखाली येतात, कोड झकास लिहितात, पण लिनक्सवर एखादी लायब्ररी टाकायची म्हटलं की लगेच 'सुडो पिप इन्स्टॉल' (पिप म्हणजे पायथनच्या लायब्रऱ्या टाकणारं टूल, सुडो म्हणजे ते अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं), कारण क्लासमध्ये तेच गिरवून घेतलेलं असतं.

अहो, उबंटू या लिनक्समधला पायथन सिस्टिमचा स्वतःचा असतो, तिचीच कितीतरी टूल्स त्यावर चालतात, त्यात ढवळाढवळ केली की तीच बिघडतात. एका पोराने नवं व्हर्जन पाहिजे म्हणून 'पायथन-थ्री' ही कमांड ज्या व्हर्जनकडे नेते ती लिंकच फिरवली आणि टर्मिनल उघडेना, आयकॉनवर क्लिक करतोय करतोय, ढिम्म! उबंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनने वैतागून २०२३ मध्ये १२ व्या आवृत्तीपासून अशा पिपला सरळ एरर द्यायला सुरुवात केली, नवीन उबंटूतही तेच. तर पोरं काय करतात, 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'चा, म्हणजे सिस्टिम मोडली तरी चालेल असं सांगणारा, फ्लॅग नेटवरून उचलतात नि एरर गायब करतात. धन्य!

खरं तर व्हेन्व २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून, सोबतच येतंय. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन 'पायथन-थ्री डॅश एम व्हेन्व' आणि पुढे फोल्डरचं नाव, मग त्यातली 'अ‍ॅक्टिव्हेट' फाइल 'सोर्स' कमांडने चालवायची, प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसलं की समजायचं आपण आत आहोत, आता पिपने काय वाट्टेल ते टाका, सुडो लागत नाही. एका प्रोजेक्टला जँगो (वेबसाइट बनवायची लायब्ररी) जुनं, दुसऱ्याला नवं, तरी भांडण नाही. बिघडलं तर फोल्डर उडवा नि रिक्वायरमेंट्सच्या, म्हणजे लायब्रऱ्यांच्या यादीच्या, फाइलवरून परत उभं करा. फक्त तो फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून मित्राला देऊ नका, आत तुमच्या मशीनचे पाथ लिहिलेले असतात, त्याच्याकडे चालणार नाही, रिक्वायरमेंट्सची फाइल द्या. पायएन्व, यूव्ही वगैरे पुढची टूल्स चांगलीच आहेत, पण ती नंतर.

आणि कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू टाकणाऱ्यांना एक विनंती, तिथे व्हेन्वचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, 'पायथन-थ्री डॅश व्हेन्व' नावाचं, ते एपीटीने, म्हणजे उबंटूच्या पॅकेज टाकायच्या टूलने, आधीच टाकून ठेवा, कारण लॅबच्या मशीनवर पोरांकडे सुडोचा पासवर्ड नसतो.

— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई