लेखासोबत लिंकही फिरू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठीत ब्लॉग आता कोण वाचतं, हे वाक्य हल्ली इतक्या वेळा कानावर पडतं की त्याला एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून हे पत्र लिहितेय. वाचणारे भरपूर आहेत. सकाळच्या सीएसएमटी फास्टमध्ये बघा, बसलेले असोत की उभे, अर्धा डबा मोबाइलमध्ये डोकं घालून असतो आणि सगळेच काही रील बघत नसतात, कितीतरी जण चांगले लांबलचक मराठी लेख वाचत असतात, ज्यांच्या खाली 'लेखक माहीत नाही पण वाचाच' किंवा नुसतंच 'साभार' लिहिलेलं असतं. तो लेख कुणीतरी रात्री जागून लिहिलेला असतो, स्वतःच्या ब्लॉगवर टाकलेला असतो, मग कुणीतरी तो कॉपी करतं, त्यात नाव गळतं, आणि पुढे तो शेकडो ग्रुपमध्ये फिरतो पण ज्याने लिहिला त्याच्या ब्लॉगवर त्या दिवशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आलेली असतात. वाचक आहे, फक्त तो लिहिणाऱ्यापर्यंत पोचत नाहीये.

मी गिरणगावावर लिहिते. लालबाग-परळच्या चाळी, खानावळी, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, जे जे आता टॉवरखाली गेलं ते सगळं. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि पुढे जे सांगतेय ते करून बघितलेलं आहे.

ओळखीतले कितीतरी चांगले लिहिणारे आता ब्लॉग सोडून थेट फेसबुकवरच लिहितात. लाइक लगेच मिळतात, कॉमेंट लगेच येतात, मग कशाला हवा ब्लॉग, असं त्यांचं म्हणणं. मला हे अजिबात पटत नाही. ऑर्कुटवर मराठी कम्युनिटीमध्ये लोकांनी किती लिहिलं होतं, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. टिकटॉकवर गावोगावची मुलंमुली नाव कमवून बसली होती आणि २९ जून २०२० ला एका दिवसात बंदी आली. फेसबुक बंद झालं नाही पण जानेवारी २०१८ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की आता फीडमध्ये पेजपेक्षा मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट जास्त दाखवणार, म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षं पेज वाढवलं त्यांची पोस्ट त्यांच्याच फॉलोअर्सना कमी दिसायला लागली. या उलट मायबोली ही मराठी वेबसाइट बघा, १९९६ पासून स्वतःच्या पत्त्यावर उभी आहे आणि तिथलं जुनं लिखाण आजही शोधलं तर सापडतं, फेसबुकवर मात्र स्वतःचीच पाच वर्षांपूर्वीची पोस्ट शोधायची म्हटली तर घाम फुटतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लिखाण स्वतःच्या पत्त्यावर ठेवा, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब हे सगळं त्या पत्त्याला जोडा. ब्लॉग हे स्टेशन आणि बाकी सगळ्या त्याच्या फीडर बस, वेगवेगळ्या गल्ल्यांतून माणसं उचलतील पण शेवटी आणून सोडतील ती एकाच ठिकाणी.

आता जोडायचं म्हणजे काय, यात फार गैरसमज आहेत. बऱ्याच जणांना वाटतं एखादं अ‍ॅप लावलं की एकदा लिहिलेलं आपोआप सगळीकडे जाईल आणि काम झालं. एक तर ते आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही, ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅपमधून पर्सनल प्रोफाइलवर पोस्ट टाकणं बंद केलं, तेव्हा फक्त पेज आणि ग्रुपला ठेवलं, ग्रुपचंही २०२४ मध्ये बंद झालं, आणि २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी पैसे लावल्यावर वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या जेटपॅकमधून तिथे आपोआप जाणाऱ्या पोस्टही बंद पडल्या. आणि दुसरं म्हणजे ते गेलं तरी उपयोग नाही. फेसबुकवरचा मजकूर जसाच्या तसा इन्स्टाग्रामवर गेला तर त्यातल्या लिंकवर क्लिकच होत नाही, ती नुसती अक्षरं दिसतात. इन्स्टाग्रामवर लिंक चालते ती बायोमध्ये, तिथे २०२३ पासून पाच लिंक देता येतात, किंवा स्टोरीमध्ये स्टिकर लावून. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओखाली लिंक चालते पण शॉर्ट्सच्या खालची लिंक ऑगस्ट २०२३ पासून चालत नाही. हे माहीत नसलं की माणूस मेहनत करून रील बनवतो, खाली लिंक टाकतो आणि मग म्हणतो की कुणीच ब्लॉगवर आलं नाही. येणार कुठून, दार बंद आहे ना.

खरं काम आहे ते व्हॉट्सअ‍ॅपचं, कारण मराठी माणूस तिथे वाचतो. फेसबुक सोडलेले, इन्स्टाग्राम कधी न उघडलेले काका-मावशी सुद्धा तिथे आहेत. आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त हलगर्जी करतो. पहिली गोष्ट म्हणजे लिंक कशी दिसते ते. ब्लॉगच्या पोस्टचं शीर्षक मराठीत दिलं की बऱ्याचदा सॉफ्टवेअर पत्ताही मराठीतच बनवतं, आणि तो कॉपी करून पेस्ट केला की देवनागरीच्या एकेका अक्षरचिन्हाच्या जागी टक्क्याची (%) खूण, रोमन अक्षरं आणि आकडे मिळून नऊ-नऊ चिन्हं येतात, चार शब्दांचं शीर्षक सहा-सात ओळींचं भूत होऊन बसतं. आजकाल फ्रॉडच्या लिंकचा एवढा धसका आहे की असली लिंक बघून शहाणा माणूस हातच लावत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवावा, पोस्ट पब्लिश करायच्या आधी तो हाताने बदलता येतो, एक मिनिट लागतं. दुसरी गोष्ट, लिंकसोबत जो छोटा फोटो आणि दोन ओळी दिसतात त्या कुठून येतात तर पोस्टमध्ये आपण जो मुख्य फोटो आणि सारांश देतो तिथून. ते दिलंच नाही तर नुसती निळी ओळ दिसते. फोटो ठेवावा, साधारण आडवा, फार जड नको. आणि खाली लेखातल्याच दोन ओळी द्याव्यात, चांगल्या, ज्या वाचून पुढचं वाचावंसं वाटेल. नुसतं 'नवीन पोस्ट, नक्की वाचा' टाकणाऱ्यांची पोस्ट मी पण उघडत नाही.

ग्रुपमध्ये घुसून लिंक टाकू नये हे खरं तर सांगायला लागू नये. सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा टँकर कधी येणार यावर बोलणं चाललेलं असताना मध्येच आपली लिंक टाकली तर लोक चिडणारच. ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते पण तिच्यात २५६ लोकच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. त्यापेक्षा सप्टेंबर २०२३ पासून भारतात आलेलं व्हॉट्सअ‍ॅप चॅनल मला जास्त बरं वाटतं, विशेषतः बायकांसाठी, कारण चॅनल फॉलो करणाऱ्यांना आपला फोन नंबर दिसत नाही. पण चॅनल आणताना कंपनीनेच सांगितलं होतं की तिथला मजकूर सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंतच ठेवणार, म्हणजे जे सर्वस्व चॅनलवर लिहितात त्यांनी यावर जरूर विचार करावा. चॅनलवर दोन ओळी आणि लिंक, लेख ब्लॉगवर, हेच बरोबर.

अजून एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. कितीतरी जण म्हणतात व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणी येत नाही, अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे ब्लॉगवर किती जण कुठून आले ते मोजणाऱ्या साधनात, दिसतच नाही. दिसत नाही कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस कुठून आला हे बहुतेक वेळा ब्लॉगला कळत नाही, तो 'डायरेक्ट' म्हणून मोजला जातो. लिंकच्या शेवटी यूटीएमची, म्हणजे वाचक कुठल्या वाटेने आला ते सांगणारी, छोटी खूण जोडली की मग समजतं. हे केल्यावर चित्रच बदलतं, ज्याला आपण फुकटची मेहनत समजत होतो तिथूनच सगळ्यात मन लावून वाचणारी माणसं येत असतात.

फेसबुकबद्दल मी वर एवढं बोलले तरी तिथली एक गोष्ट मला सोन्यासारखी वाटते, ती म्हणजे जुन्या मुंबईच्या आठवणींचे ग्रुप. गिरणगावातल्या खानावळींवर मी लिहिलं होतं, कोकणातून घाटावरून एकटे आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका, ज्यांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्यांच्याबद्दल. ब्लॉगवर त्यावर फार काही बोलणं झालं नाही. त्यातला एक तुकडा फोटोसकट एका ग्रुपवर टाकला, लिंक पहिल्या कॉमेंटमध्ये, आणि मग ज्यांच्या आईने, आजीने खानावळ चालवली अशा लोकांच्या आठवणी यायला लागल्या, १९८२ च्या संपात गिरण्या बंद असताना उधारीवर किती जणांना जेवू घातलं, वही कशी ठेवायचे, कुणी पैसे नंतर गावाहून पाठवले. एवढा ऐवज कॉमेंटमध्ये पडून राहिला असता तर दोन दिवसांत खाली गेला असता. त्या त्या माणसाला विचारून, परवानगी घेऊन, मी तो ब्लॉगवर त्याच लेखाखाली जोडला आणि ग्रुपवर परत कळवलं, तर ज्यांच्या आठवणी होत्या त्यांनी ती लिंक आपल्या नात्यागोत्यात स्वतः पाठवली. तिथून आलेले वाचक टिकले. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप ब्लॉगला जोडायचं म्हणजे नुसतं आपलं सामान तिकडे फेकायचं नाही, तिकडचं इकडे पण आणायचं.

वेळ सुद्धा बघावी लागते. १८ जानेवारी आली की लोक गिरणी संपाबद्दल बोलतात, गणपतीच्या आधी दोन आठवडे लालबागच्या मंडळांबद्दल शोधायला लागतात, गणेश गल्लीचा १९२८ पासून आहे आणि लालबागचा राजा १९३४ पासून, हे दरवर्षी नव्याने विचारणारे असतात. जुना लेख त्या वेळी नीट करून परत शेअर करायला काय हरकत आहे, तो शिळा होत नाही.

आणि सगळीकडे असायलाच पाहिजे या सल्ल्याच्या नादी लागू नका, नोकरी-घर सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि मग लिहिणंच बंद पडतं. यातली दोन माध्यमं नीट चालवली तरी खूप झालं. एकमेकांना फॉलो करण्याचे ग्रुप, विकत मिळणारे फॉलोअर, यांच्या तर वाऱ्याला उभं राहू नये, त्यातला एकही माणूस आपला लेख वाचत नाही. त्यापेक्षा ब्लॉगवर ईमेलने नवीन लेख मागवायची सोय ठेवा, जुन्या ब्लॉगवाल्यांची नवीन लेख ईमेलने पाठवणारी फीडबर्नरची सोय २०२१ मध्ये बंद झाली आणि बऱ्याच जणांनी परत काही लावलंच नाही, त्यांचे किती जुने वाचक असे नुसतेच सुटून गेले असतील. ईमेलची यादी आपल्याकडे राहते, मधे कुठली कंपनी ठरवत नाही की कुणाला काय दाखवायचं.

आता पेपरला पत्र का, तर यात आपला वाटा मोठा आहे. याच मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं तेव्हापासून मराठी माणूस नवं काय वाचायचं ते पेपरातून ठरवत आलाय, आणि अजूनही पुरवणीत नाव आलं की त्याला वेगळं वजन असतं. पण आपल्यासकट बहुतेक मराठी पेपर सोशल मीडियावर गाजलेला मजकूर छापतात तेव्हा 'सोशल मीडियावरून साभार' एवढंच लिहितात. सोशल मीडिया लिहीत नाही हो, माणूस लिहितो. त्याला शोधायला दहा मिनिटं द्या, त्याचं नाव छापा, त्याच्या ब्लॉगचा पत्ता छापा, कागदावर क्यूआर कोड द्या आणि वेबसाइटवर तोच लेख टाकाल तेव्हा क्लिक होणारी लिंक द्या. मोठ्या वर्तमानपत्राच्या साइटवरून लिंक मिळाली की गूगलवर सुद्धा तो ब्लॉग वर यायला मदत होते, म्हणजे आपल्या एका ओळीने त्या माणसाला पुढची कित्येक वर्षं वाचक मिळू शकतात. पुरवणीत लेख देणारे लेखक शेवटी ब्लॉगचा पत्ता लिहून पाठवतात तो जागेअभावी सगळ्यात आधी कापला जातो, तो कृपया कापू नका.

आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत एक छोटा चौकोन सुरू करा, त्या आठवड्यातले वाचण्यासारखे चार-पाच मराठी ब्लॉग, प्रत्येकाला दोन ओळी आणि क्यूआर कोड. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांच्या शाखा गावभर आहेत, त्यांना सोबत घेऊन एखाद्या शनिवारी संध्याकाळी लिहिणाऱ्यांना बोलवा, लिंक कशी नीट करायची, चॅनल कसं काढायचं, फोटो कसा लावायचा एवढं जरी दाखवलं तरी साठीच्या पुढचे कितीतरी लोक स्वतःचं लिखाण स्वतःच्या नावाने पोचवू शकतील. शिकवायला मी यायला तयार आहे, मानधन नको.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
लालबाग, मुंबई