आई, ओटा फोडायच्या आधी

पुणे, शिमग्यानंतरचा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा फोन झाल्यावर मी त्या मॉड्युलर किचनवाल्यानं दिलेला अंदाजपत्रकाचा कागद परत नीट वाचला. सव्वातीन लाख, आणि नळाचं नि विजेचं काम त्यात धरलेलंच नाही. तुम्ही म्हणालात, "करायचं तर एकदाच करू, नाहीतर आहे तसं राहू दे." यातलं पहिलं मला पटतं, दुसरं नाही. पूर्ण काम पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काढायचं हे आपलं ठरलंय आणि ते होणारच आहे. पण तोवर आईनं त्याच अंधारात, त्याच गळक्या नळापाशी उभं राहायचं, हे मला मान्य नाही. भाकरी तर रोज दोन वेळा होणारच.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, मी आलो होतो तेव्हा आई पहाटे भज्जीची, त्या मिसळीच्या पालेभाजीची, तयारी करत होती. बल्ब दारावर, म्हणजे तिच्या पाठीमागं. तिचीच सावली हातातल्या मेथीवर पडत होती आणि ती एकेक जुडी उचलून खिडकीकडं धरून बघत होती, किडकं पान गेलं का म्हणून. खिडकीत तेव्हा धड उजाडलंही नव्हतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, "सवय हाय रे, कशाला पैसे घालायलास?" आई, ही सवय मला मोडायची आहे. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, आणि पूर्वी पुरणारा उजेड मग पुरत नाही. यात तुझा काही दोष नाही, बल्बच चुकीच्या जागी आहे.

म्हणून पहिलं काम उजेडाचं. ओट्यावरची जी लांब फळी आहे तिच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी, चार फुटी एलईडी पट्टी बसवायची. २० वॅटची पट्टी लातूरच्या गंजगोलाईकडच्या दुकानांत अडीच-तीनशे रुपयांत मिळते. उजेड तुझ्या समोरून येईल आणि सावली पाठीमागं जाईल. दारावरचा बल्ब काढून तिथंही एक ट्यूब लावू. अगदी निळसर पांढरी घेऊ नका, किंचित पिवळसर पांढरी मागा. निळसर उजेडात हळद-तिखटाचा रंग नीट कळत नाही.

मी एकच नियम धरलाय. जी वस्तू पुढं नव्या स्वयंपाकघरात सोबत येईल तिच्यावर पैसे घालायचे. जे पाडायचंच आहे त्याला धुण्याचा सोडा, पॉलिश पेपर आणि थोडा रंग, बस. ट्यूब काढून नेता येते, एक्झॉस्ट पंखा नेता येतो, चांगला नळ नेता येतो. नव्या टाइल्स नेता येत नाहीत. त्यामुळं बाबा, शेजारच्या काकांनी सांगितलं तसं जुन्यावर नव्या टाइल्स चिकटवायचा विचार सोडून द्या.

पंखा नऊ इंची पुरे. भिंत फोडायची नाही. ओट्याच्या बाजूच्या खिडकीची वरची काच काढून तिथं प्लायची फळी बसवायची आणि तिच्यात पंखा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पंखा चालू असताना ती खिडकी खालून बंद ठेवायची आणि मधल्या खोलीचं दार उघडं ठेवायचं. खिडकी उघडी राहिली तर पंखा तिथलीच हवा ओढून बाहेर टाकत बसतो आणि फोडणीचा खाट आईच्या डोळ्यांत तसाच राहतो.

रंगाची घाई तुम्हाला दोघांनाही झालीय हे मला ठाऊक आहे, पाडवा जवळ आलाय. पण नळाआधी रंग नको. मोरीच्या वरची भिंत बघा, तिथं पोपडे सुटलेत आणि पांढरा खार फुटलाय. नळाच्या सांध्यातून पाणी भिंतीत मुरतं, विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी वाळतं आणि क्षार वर राहतात. यावर कितीही भारी रंग दिला तरी पावसाळ्याच्या आत पापुद्रा सुटणार. आधी प्लंबर बोलवा. वायसर गेला असेल तर वायसर, सांधा गेला असेल तर सांधा. मग तो खार कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडून काढा. धुऊ नका, धुतला की विरघळून परत भिंतीत जातो. नंतर भिंत दोन-तीन आठवडे उघडी सोडा. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हाळ्यासारखी भिंत वाळवणारी गोष्ट दुसरी नाही. वाळली का हे बघायला तिथं हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. आतून दव धरलेलं दिसलं तर अजून थांबायचं. बाकीच्या तीन भिंतींना पाडव्याआधी डिस्टेंपर देऊन टाका, ही एक मागून होईल.

नळावर बोअरच्या पाण्याचा जो पांढरा थर बसलाय तो लिंबूसत्त्वानं निघतो. कोमट पाण्यात चमचाभर विरघळवून फडकं भिजवायचं, नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं. पण आई, इथं फार जपून. त्याचा एक थेंबही कडप्प्यावर पडू द्यायचा नाही. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, खालची शहाबादी फरशीही चुनखडीचीच, आणि नळावरचा थरही मुख्यतः तसलाच. जे त्या थराला खातं ते दगडालाही खातं. तू लिंबू चिरतेस त्या जागी ओट्यावर जे पांढुरके डाग पडलेत ते मळाचे नाहीत, तिथली झिलई आंबटानं खाल्लीय. घासून ते जाणार नाहीत. आणि कामवाल्या मावशींना सांग, संडासाची ऍसिडची बाटली स्वयंपाकघरात आणायची नाही. शहाबादीवर ऍसिड पडलं की फेस येतो तो मळ निघाल्याचा नसतो, फरशी विरघळत असते.

ओट्याला आधी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. दोन दिवस नीट वाळू द्यायचा. मग जवसाचं तेल फडक्यावर घेऊन अगदी पातळ हात फिरवायचा आणि अर्ध्या तासानं कोरड्या कापडानं पुसून घ्यायचं. गोडेतेल किंवा खोबरेल नको, ती चिकट राहतात आणि धूळ धरतात. जवसाचं तेल हवेनं वाळून दगडाला धरतं, कडप्पा परत काळा दिसतो. पण ती तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यातली ऊब बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेटू शकतं. बाहेर तारेवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

टाइल्सना धुण्याचा सोडा. गरम पाण्यात कालवून लगदा करायचा, तेलकट जागी लावून वीसेक मिनिटं ठेवायचा. सोड्यानं जुन्या तेलाचा काही भाग साबणासारखा होतो आणि चिकटा सुटतो. हातमोजे घालूनच, आई, तुझ्या बोटांना आधीच भेगा आहेत. टाइल्समधले काळे पडलेले जोड जुन्या टूथब्रशनं घासायचे, जिथं निघून गेलेत तिथं पांढरं सिमेंट भरायचं आणि एक दिवस ओलं ठेवायचं. किलोभर सिमेंटला असे किती पैसे लागतात! जोड पांढरे झाले की निम्मी भिंत नवी दिसते, हे मी इथल्या भाड्याच्या घरात करून बघितलंय. बाजारात चिकटवायचे चकचकीत स्टिकर मिळतात ते शेगडीच्या मागं नकोत. उष्णतेनं कडा सुटतात, मागं तेल जातं, आणि जाळाशेजारी प्लास्टिक असणं मला नकोच आहे.

जाळीच्या कपाटाबद्दल बाबा, हे तुमच्यासाठी. तुम्ही ते घासून रंगवतो म्हणालात, रंगवाच. सागवानी आहे, नव्या स्वयंपाकघरातही ते राहावं असं मला फार वाटतं. पण त्यावर हिरव्या ऑईल पेंटचे कितीतरी थर आहेत आणि ते सगळे जुने. आपल्याकडं घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत हवं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल सांगता येत नाही. म्हणून कोरडं खरडायचं नाही, जाळायचं तर अजिबात नाही. काळा वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओलंच घासा, तेही फक्त वरची चमक जाईपर्यंत. लाकूड उघडं करायची गरज नाही. तोंडाला चांगला मास्क लावा, खाली जुने पेपर अंथरा आणि ते पेपर गुंडाळून टाकून द्या. काम अंगणात करा, आणि ताईची पोरं आलेली असतील तर त्या दिवशी हात लावू नका. शिसं लहान लेकरांना सगळ्यात जास्त बाधतं. वाळल्यावर प्राइमरचा एक हात, ऑईल पेंटचे दोन. पाटावर बसून करा, वाकून नको.

आता टिपाडाची गोष्ट. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी आणलेलं निळं टिपाड अजून ओट्याशेजारी उभं आहे. टाकून दे असं मी म्हणणार नाही. ज्या बाईनं तो उन्हाळा काढलाय तिला पाणी साठवू नको असं सांगायचा मला अधिकार नाही. फक्त त्याची जागा बदलू. न्हाणीशेजारी विटांवर ठेवू, खाली तोटी बसवून घेऊ, वर घट्ट झाकण. ती मोकळी झालेली जागा किती मोठी आहे बघा, तिथं एक स्टूल मावेल आणि आई बसून भाजी निवडू शकेल.

वरच्या फळीवरची पितळी भांडी मात्र खाली यायलाच हवीत. बाबा, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्ही विसरला नसाल. गणपती बुडवून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा धक्का बसला. मी लहान होतो, पण फळीवरून घागरी पडत होत्या तो आवाज मला आजही आठवतो. तुम्ही मला उचलून अंगणात आणलं होतं. त्याच फळीवर आज परत दोन घागरी, घंगाळ आणि मोठी परात आहे, आणि बरोबर खाली आई उभी असते. ती भांडी मधल्या खोलीत जमिनीवर ठेवू. फळीवर हलके डबे राहतील आणि फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंचीची लाकडी पट्टी ठोकून घेऊ.

याच कारणासाठी एक विनंती. मिस्त्री तुम्हाला म्हणतोय ना, मधली भिंत पाडून स्वयंपाकघर मोकळं करू म्हणून? आपलं घर जुन्या पद्धतीचं, कॉलम नाहीत, भिंतींवरच स्लॅब पेललेला आहे. इंजिनिअर येऊन बघेपर्यंत त्या भिंतीला कुणालाही छिन्नी लावू देऊ नका. मग तो कितीही ओळखीचा असू दे.

गॅसची नळी बघा. तिच्यावर साल छापलेलं असतं, पाच वर्षं उलटली असतील तर तडा नसला तरी बदलायची. एजन्सीचा माणूस बदलून देतो, दीड-दोनशेचं काम आहे.

सगळं धरून मजुरीसकट आठ-दहा हजारांत बसावं. ते मी पाठवतो, त्यावर वाद नको. सोयाबीनचे पैसे तसेच ठेवा, मोठ्या कामाला लागतील.

आणि हे दीड वर्ष मला दुसऱ्या एका कारणासाठी हवं आहे. मॉड्युलरवाल्यानं ओट्याची उंची ३४ इंच लिहिलीय, सगळ्यांना तो तीच लिहितो. आई बुटकी आहे. उभं राहून हात कोपरात वाकवला की कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा हवा, नाहीतर खांदे वर उचलून काम करावं लागतं आणि मान धरते. शिवाय भाकरी थापायला आणखी थोडं खाली बरं पडतं. तेव्हा बाबा, आई चप्पल न घालता उभी असताना जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतचं माप टेपनं घ्या आणि मला फोनवर सांगा. आणि आई, काम करताना कुठं हात पुरत नाही, कशासाठी सारखं वाकावं लागतं, कोणता डबा दिवसातून दहादा लागतो, हे बाबांना सांगत जा. ते कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवतील. नवा ओटा त्या कागदावरून होईल, दुकानातल्या चित्रावरून नाही.

पाडव्याला मी दोन दिवस आधी येतोय. ट्यूब आणि पंखा मी आल्यावरच बसवू, कुणीही स्टुलावर चढू नका. प्लंबर मात्र या आठवड्यातच बोलवा.

तुमचा,
बाळू