लेबल करायला देण्याआधी

पुणे

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

आगळाच्या बाटलीचं लेबल करायला दिलंस, ‘छान काहीतरी कर’ एवढंच सांगितलंस, आणि आलेलं एकही डिझाइन पसंत पडलं नाही, असं परवा फोनवर म्हणालीस. मला त्या डिझायनर मुलीची बाजू घ्यावीशी वाटते. उभं आयुष्य प्रेसमध्ये गेलं माझं. ‘छान काहीतरी’वर सुरू झालेलं काम शेवटपर्यंत रखडतच जातं. रंग, अक्षर, मांडणी हे तिचं क्षेत्र, पण बाटली कोण उचलणार हे तिला तुझ्याशिवाय कोण सांगणार? तेव्हा पुढचं डिझाइन मागण्याआधी एक पानभर ब्रीफ, म्हणजे तुला काय हवंय ते सांगणारं टिपण, लिहून काढ. ते लिहिताना जिथे अडशील, तिथे तुझंच अजून ठरलेलं नाही असं समज आणि आधी ते ठरव.

आता तुझ्या मालाचंच बघ. कुडाळात आगळ कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण तुझी बाटली पुण्या-मुंबईच्या दुकानांत जाणार. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस आणि सरबताचं सिरप म्हणजे साखरेतलं, हा फरक इथे बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. ते थंड पाण्यात आगळ ओतणार, खारट लागलं की तोंड वाकडं करणार आणि पुन्हा तुझी बाटली घेणार नाहीत. म्हणजे लेबलचं पहिलं काम ठरलं: हे सोलकढीसाठी आहे, सरबतासाठी नाही, हे बाटली हातात घेण्याआधी कळलं पाहिजे. हे वाक्य ब्रीफच्या अगदी वर लिही. ‘पारंपरिक पण मॉडर्न’, ‘प्रीमियम’ असले शब्द नकोत. त्यांतून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

तिला उपाय सांगू नकोस, अडचण सांग. ‘नाव मोठं कर’ म्हणण्यापेक्षा ‘दुकानातल्या वरच्या फळीवरून नाव वाचता येत नाही’ म्हण. मग ती नाव मोठं करेल, नाहीतर मागचा रंग बदलेल, नाहीतर आजूबाजूची गर्दी कमी करेल. आवडलेली दोन-तीन लेबलं पाठव, पण त्यांतलं नेमकं काय आवडलं तेही लिही.

बाटलीची माहिती सविस्तर दे. कागदाची पट्टी बाटलीभोवती गुंडाळून घेर मोज. उंची जिथे काच सरळ आहे तेवढीच धर, खांद्याच्या उतारावर लेबलला सुरकुत्या पडतात. गोल बाटलीचा समोरून जेमतेम एक तृतीयांश भाग नीट वाचता येतो, तेव्हा नाव तेवढ्यातच बसायला हवं. बाटली फ्रिजमध्ये राहणार आणि बाहेर काढली की तिला पाणी सुटणार हे सांगितलं नाहीस, तर ती मुलगी साधा कागद धरून चालेल आणि आठवड्यात लेबलच्या कडा सुटतील. आतला रस गडद आहे, हेही कळव. पारदर्शक स्टिकर केला तर त्यावरची काळी अक्षरं दिसणारच नाहीत. कोकमाचा जो झगझगीत लाल तू मोबाइलवर पाहतेस, तो चार रंगांच्या छपाईत तसा उतरत नाही, म्हणून रंगाचा निर्णय छापील प्रूफ पाहूनच घे.

मॅटर, म्हणजे लेबलवरचा सगळा मजकूर, फायनल झाल्याशिवाय काम सुरू करायला लावू नकोस. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो. हाताने लिहून फोटो पाठवलास की तिला पुन्हा टाइप करावं लागतं, आणि तिथे चुका शिरतात. युनिकोडमध्ये टाइप करून दे आणि त्याचीच पीडीएफ जोड, म्हणजे ताडून बघता येईल. सॉफ्टवेअरमधली भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. तुझ्या मजकुरात ‘वाऱ्यावर वाळवलेली आमसुलं’ असं आहे. तिथे ‘वार्‍या’चा ‘वार्या’ होणार नाही ना, एवढं डोळ्यांत तेल घालून बघ. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, हेही ब्रीफमध्येच लिही. बऱ्याच फॉन्टमध्ये ते आपोआप हिंदी वळणाचे येतात. लोक म्हणतात, कोण एवढं बघतं? आपल्या भाषेतला माल आपल्या अक्षरांत नीट लिहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याने लागणारा मजकूर पहिल्याच दिवशी दे: घटक, वजनाने जास्त ते आधी या क्रमाने, पोषणमूल्यं, निव्वळ प्रमाण, सर्व करांसहित किंमत, पत्ता, ग्राहक संपर्क, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक, शाकाहाराची खूण म्हणून हिरव्या चौकोनातलं हिरवं वर्तुळ. हे मागाहून घुसवलं की चांगलं डिझाइनही मोडतं. बॅच आणि तारखेसाठी लॅमिनेशन नसलेली मोकळी जागा ठेवायला सांग, चकचकीत भागावर शिक्क्याची शाई पुसली जाते. आणि बारकोड लेबलला शोभावा म्हणून लाल करू नका. दुकानातल्या स्कॅनरचा उजेड बहुधा लालच असतो, त्याला लाल रेघा दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळ्या रेघा, दोन्ही बाजूंना मोकळी जागा, बस.

पैसे किती, करेक्शन किती वेळा, तारीख कुठली, हे आधीच लिहून टाक. शेवटचा होकार तुझा एकटीचा असेल असंही लिही, नाहीतर तुझी पार्टनर, तिचा भाऊ, दुकानदार, प्रत्येक जण डिझायनरला वेगळं सांगत बसेल. सगळ्यांचं म्हणणं तू ऐक, तिच्याकडे एकच यादी जाऊ दे. वापराचे हक्क तुझ्याकडे यायचे असतील तर ते लेखी घे. कॉपीराइट कायद्यात हक्क सोपवणं लेखीच लागतं. छपाईच्या पीडीएफबरोबर मूळ फाइलही मिळेल का, तेही आत्ताच विचार.

आणि तिच्याशी नीट वाग. आतापर्यंत केलेल्या डिझाइनांचे पैसे देऊन टाक, मगच नवं ब्रीफ पाठव.

मॅटर तयार झालं की आधी मला पाठव, प्रूफ मी वाचून देतो. बाटलीची मापं घेतलीस की तीही कळव, इथल्या कटिंगवाल्याला विचारून डायचा, म्हणजे लेबल कापायच्या साच्याचा, खर्च सांगतो.

तुझे,
बाबा