टोकियोतल्या गाईडकाकांना, नाशिकहून

प्रिय काका,

स.न.वि.वि. तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीये मला. पण तुम्हाला इंग्लिशमधे जो मेल पाठवला त्यात थँक्यू, व्हेरी नाइस, मदर व्हेरी हॅपी, याच्यापुढे माझी गाडी गेलीच नाही आणि जे खरं सांगायचं होतं ते सगळं राहूनच गेलं. म्हणून हे मराठीत. टोकियोतच निशिकासाई भागात राहणारी माझी ताई तुम्हाला भेटून हे जपानीत वाचून दाखवणारे, तिने कबूल केलंय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण हल्ली आपल्याकडचे एवढे लोक जपानला जातायत आणि त्यातल्या कितीतरी जणांना माहितीच नसतं की टोकियोत तुमच्यासारखे रिटायर्ड लोक पाहुण्यांना शहर पायी फिरवून दाखवतात, ते पण फुकट.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं.

तुम्ही भेटायच्या आधी आम्ही एक पैसे भरून केलेली वॉकिंग टूर केली होती, कंपनीचं नाव घेत नाही. वीसेक माणसं, पुढे झेंडा, कानात इअरफोन, आणि गाईड मुलगी बिचारी चांगली होती पण तिला टायमात सगळं उरकायचं होतं, मग आई मागे राहिली की मी आईसोबत मागे, नवरा मधे, पोरगा पुढे, अशी आमची वरात. आईचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुरतात. बंद नाही पडलेत, चालते ती, पण तिच्या स्पीडने. त्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली, मी उद्यापासून ताईच्या घरी थांबते, तुम्ही जा फिरायला. आता एवढं नाशिकहून टोकियोला आणायचं आणि ती बाल्कनीतून निशिकासाई बघणार? ताईनेच मग सांगितलं की असाकुसाला शनिवार-रविवारी व्हॉलंटियर गाईड्सची टूर असते, चालवलं तेवढं चालायचं, नाही जमलं तर मधूनच निघायचं, कोणी काही म्हणत नाही.

असाकुसाच्या सेन्सो-जी देवळाचं पुढचं गेट म्हणजे कामिनारीमोन, त्याच्या समोर जे टूरिस्ट सेंटर आहे, केन्गो कुमाने डिझाइन केलेलं, लाकडी घरं एकावर एक रचल्यासारखी बिल्डिंग, तिथे तुम्ही उभे होतात. आठव्या मजल्यावर फुकट गच्ची आहे हे आम्हाला तुम्हीच सांगितलंत, आधी लिफ्टने वर नेऊन पूर्ण देवळाचा रस्ता वरून दाखवलात आणि आईला म्हणालात, हे एवढं चालायचंय, मधे दोनदा बसायचंय, चालेल ना? बास. तिथेच आई तयार झाली. किती चालायचंय हे आधी कळलं की म्हाताऱ्या माणसांची निम्मी भीती जाते, हे मला इतकी वर्षं आईसोबत राहून सुचलं नव्हतं.

कामिनारीमोनला टांगलेल्या त्या लाल कंदिलाचा फोटो तर सगळेच काढतात हो. तुम्ही आम्हाला त्याच्या खाली उभं करून वर बघायला लावलंत, तळाला कोरलेला ड्रॅगन. तो ७०० किलोचा कंदील पॅनासॉनिकवाल्या मात्सुशितांनी दिलेला, आणि १८६५ला आगीत गेलेलं हे गेट थेट १९६०ला परत उभं राहिलं. माझ्या नवऱ्याला तर धक्काच बसला, तो समजत होता सगळं हजार वर्षांचं आहे. मग पुढे दुसऱ्या गेटला टांगलेल्या साडेचार मीटरच्या गवती चपला, यामागाताकडच्या मुरायामा गावाचे लोक विणून देतात त्या, आणि एवढ्या मोठ्या चपला घालणारा कोणीतरी इथे राखण करतोय हे बघून भुतं पळून जातात म्हणे. आणि ते जळालेलं गिंको. १० मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य देऊळ गेलं, आत्ताचं १९५८चं आहे, पण ते झाड उभंच राहिलं, खोड एका बाजूने काळं आणि वर पिवळीजर्द पानं. तिथे तुम्ही फार बोलला नाहीत, आम्हाला नुसतं बघू दिलंत. बरं केलंत.

तुम्ही दोन गाईड होतात. थोड्या वेळाने बघते तर बाकीच्या ग्रुपला दुसऱ्या काकू पुढे नेतायत आणि तुम्ही सगळ्यात मागे आईसोबत. आईला इंग्लिश जेमतेम येतं, तुमचं इंग्लिश पण सावकाश, त्यामुळे तुमचं दोघांचं मस्त जमलं.

जाताना तुम्ही मला विचारलंत की आईला किती वेळाने बसावं लागतं, आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलंत. मला वाटलं, सवय असेल लिहायची.

मग तुमच्या ग्रुपचा फॉर्म भरून यानाका या जुन्या भागाची टूर ठरली. यात पण गाईडची फी काहीच नाही, फक्त तुमचं येण्याजाण्याचं भाडं, कुठे तिकीट असेल तर ते आणि बरोबरचं जेवण आपण द्यायचं. मी तीनदा विचारलं एवढंच का म्हणून.

निप्पोरी स्टेशनवर तुम्ही माझ्या हातात तो कागद दिलात. हाताने काढलेला नकाशा, निळे ठिपके बसायच्या जागा, लाल ठिपके टॉयलेट, जिथे टॉयलेटला आधाराचा दांडा आहे तिथे डबल गोल, आणि चढ कुठे आहे तिथे छोटासा बाण. मला वाटलं की हा तुमचा नेहमीचा नकाशा असेल, सगळ्यांना झेरॉक्स देत असाल. दुपारी तुमच्यासोबतच्या शिकाऊ मुलीने सहज बोलता बोलता सांगितलं की काका काल इथे आले होते, हाच सगळा रस्ता एकटे चालले, आणि प्रत्येक बाकावर स्वतः बसून बघितलं कुठलं फार बुटकं आहे. बुटक्या बाकावरून उठताना गुडघ्याला त्रास होतो म्हणून.

काका, मी तेव्हा काहीच बोलले नाही कारण काय बोलायचं तेच सुचेना. तुम्ही स्वतः ऐंशीच्या घरातले. ओळख ना पाळख, परत कधी भेटू याची खात्री नाही, पैसे तर घेतच नाही, आणि नाशिकच्या एका बाईच्या गुडघ्यासाठी नोव्हेंबरच्या थंडीत बाकं मोजत फिरलात. आमच्याकडे स्वतःच्या लग्नाच्या हॉलला रॅम्प आहे का ते पण आधी कोणी बघत नाही. हे पत्र मुख्य त्यासाठी आहे. बाकी टूरचं कौतुक आहेच पण ते इंटरनेटवर सगळ्यांच्याच टूरचं होतं.

यानाका खरं सांगायचं तर मला आधी ठरवताना बोअर वाटलं होतं. स्मशान आणि देवळं बघायला कोण जातं एवढ्या लांब? पोराला तर अकिहाबारा, ते गेम आणि इलेक्ट्रॉनिक्सचं मार्केट, सोडून काहीच नको होतं. पण १९२३चा भूकंप आणि १९४५चे बॉम्ब या दोन्हीतून बऱ्यापैकी वाचलेला हा भाग, त्यामुळे जुनी लाकडी घरं, अरुंद गल्ल्या, कुंड्या रस्त्यावर आलेल्या, आई लगेच म्हणाली की हे तर राहण्यासारखं आहे. एवढी देवळं एकाच जागी का, तर १६५७च्या मोठ्या आगीनंतर शहरातली कितीतरी देवळं इकडे हलवली गेली. शेवटच्या शोगुनची, म्हणजे तिथल्या लष्करी राज्यकर्त्याची, कबर बघितली, पाच मजली पॅगोडाचे नुसते दगड उरलेत ते बघितले, १९५७ला जळाला म्हणे. आणि क्योओ-जी देवळाच्या दरवाजात १८६८च्या लढाईतल्या गोळ्यांची भोकं आहेत तिथे तुम्ही पोराला बोट घालून बघ म्हणालात. तेव्हापासून तो तुमचा फॅन झाला, अकिहाबाराचं नाव काढलं नाही संध्याकाळपर्यंत.

त्याने तुम्हाला विचारलं ना की मॅपवर गल्ल्यांची नावं का दिसत नाहीत, तर तुम्ही भिंतीवरची छोटी पाटी दाखवून समजावलंत की इथे बहुतेक रस्त्यांना नावच नसतं, नंबर असतो तो रस्त्यांच्या मधल्या तुकड्याला. मग पत्ता सापडायचा कसा? तर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत जाऊन विचारायचं, आणि तुम्ही त्याला खरंच चौकीत नेऊन विचारायला लावलंत. लाजत लाजत विचारलं त्याने, तो पोलीस बाहेर येऊन हात करून रस्ता दाखवून गेला. हे तो शाळेत सगळ्यांना सांगतोय अजून.

फुटपाथवरची पिवळी पट्टी, ती पण तुमच्यामुळे कळली. रेघा असतील तर चालत राहा, ठिपके आले तर थांबा, अंध माणसांना पायाला कळावं म्हणून, आणि ही मुळात जपानचीच, मियाके सेइइची नावाच्या माणसाने १९६५ला काढलेली, पहिल्यांदा बसवली १९६७ला ओकायामात. पुण्याच्या मेट्रोत बघते मी ती, कधी प्रश्न नाही पडला. आई आता पुण्यात पण त्या पट्टीवरून बाजूला होऊन चालते आणि आमच्यावर ओरडते.

दुपारी त्या जिन्याचं आठवतं ना, यूयाके दांदान, जिथे सगळे फोटो काढत उभे असतात. आम्हाला पायऱ्यांनी खाली पाठवलंत आणि आईला शेजारच्या उताराने घेऊन आलात, आणि आम्ही फोटो काढून खाली पोचेपर्यंत तुम्ही दोघं यानाका गिंझा या बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी गरम चहाची बाटली घेऊन हजर. मशीनवर लाल पट्टी म्हणजे गरम, निळी म्हणजे गार, हे तोपर्यंत आईला पाठ झालं होतं.

खाण्याचं तर वेगळंच. शाकाहारी म्हटलं की लोक मांस काढून देतात पण सूपमधे मासा असतोच, दाशी, ते सुक्या माशाचं पाणी. तुम्ही प्रत्येक दुकानात आधी आत जाऊन दाशी विचारून यायचात, हाताने फुली करत बाहेर यायचात किंवा गोल करत. तीन ठिकाणी फुली, मग एका ठिकाणी अझुकी या छोट्या लाल कडधान्याच्या गोड सारणाचे दांगो, तांदळाच्या पिठाचे गोळे, मिळाले तर आई म्हणाली अगं हे पुरणच आहे की, आणि दोन खाल्ले. काड्या आणि कागद टाकायला डबा काही सापडेना, तर तुमच्या बॅगेतून पिशवी निघाली. १९९५च्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर कचऱ्याचे डबे काढले गेले आणि तेव्हापासून लोक आपला कचरा घरी नेतात. मी पण आता पर्समधे पिशवी ठेवते, नाशिकला डबा असूनही भरून वाहत असतो त्यामुळे उपयोग होतोच.

नेझूचं देऊळ छान आहे, १७०६चं, पण तिथे आई दमली होती त्यामुळे आम्ही लवकर निघालो आणि तुम्ही नकाशात आधीच लिहून ठेवलेली ती शंभर येनची छोटी बस पकडून उएनोला आलो.

शिनोबाझूच्या तळ्यात मधोमध बेन्झाइतेनचं देऊळ. तुम्ही सांगितलंत की ही तुमची सरस्वती, इकडे येऊन हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं. आईने तिथे इतक्या मनापासून नमस्कार केला की तुम्ही पण परत एकदा हात जोडलेत. आणि मग बाकावर बसून (निळा ठिपका!) तुम्ही इंदिरा नावाच्या हत्तिणीची गोष्ट सांगितलीत. १९४३ला युद्धात उएनोच्या प्राणिसंग्रहालयातले मोठे प्राणी सरकारी हुकमाने मारले, हत्तींनी विषाचे बटाटे खाल्ले नाहीत म्हणून त्यांना उपाशी ठेवून मारलं. मग युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली की आम्हाला हत्ती पाठवा, आणि १९४९ला त्यांनी पाठवली, मुलीचंच नाव ठेवून. तुम्ही वडलांच्या खांद्यावर बसून तिला बघायला गेला होतात. तुम्ही म्हणालात की त्या वर्षी खायला धड नव्हतं पण हत्तीण बघायला सगळे आले होते. आई तुमच्याच वयाच्या आसपासची, ती म्हणाली मला हे कोणीच कसं सांगितलं नाही. खरंच, आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही.

मी तेव्हा पाकीट काढलं, तुम्ही दोन्ही हात मागे घेतलेत. रागावलात की काय वाटलं, पण नाही, हसत होतात. शिकाऊ मुलगी म्हणाली की काकांना त्यापेक्षा फॉर्मवर चार ओळी लिहा. त्या लिहिल्या. त्यात बसलं नाही ते हे.

मराठी वाचणाऱ्यांना एक सांगते, पैसे घेणारे गाईड वाईट असं अजिबात नाही. जपानमधे गाईडची सरकारी परीक्षा असते, लायसन्सवाल्यांचा अभ्यास दांडगा असतो, आणि २०१८पासून लायसन्स नसलेल्यांना पण पैसे घेऊन फिरवायची परवानगी आहे त्यामुळे बघून घ्यावं लागतं एवढंच. पण घरातलं वयस्कर माणूस सोबत असेल तर आधी व्हॉलंटियर ग्रुपचा फॉर्म भरा, बरेच दिवस आधी भरा, त्यांना कितीदा बसावं लागतं ते लिहा. आणि ठरल्यावर ऐनवेळी कॅन्सल करू नका प्लीज, कारण कोणीतरी आदल्या दिवशी तो रस्ता चालून आलेलं असू शकतं.

काका, एप्रिलमधे माझा भाऊ आणि वहिनी येतायत, नेझूची अझेलियाची फुलं बघायला. त्यांना चालायला काही त्रास नाही, त्यामुळे आदल्या दिवशी जाऊ नका, मी बजावून सांगतेय. नकाशा आईने देवघराच्या कपाटात ठेवलाय, मागितला तरी त्यांना देणार नाहीये, तुम्हीच काय ते बघा.

ताईसोबत बेसनाचे लाडू पाठवतेय, आईने स्वतः वळलेत. हे पैसे नाहीत त्यामुळे हात मागे घ्यायचे नाहीत. आत बेसन, तूप, साखर, वेलची. दाशी नाही, आईने दोनदा सांगायला सांगितलंय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
नाशिकच्या आजींची मुलगी