जादा वीज बॅटरीत कशाला, तलावात साठवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

पवनचक्कीची वीज परवडते का नाही यावर तुमच्या पेपरात चाललेली चर्चा वाचतोय, आणि जो तो शेवटी बॅटरीवरच येऊन थांबतोय म्हणून हे लिहायला बसलो. मी ढालगाव भागातला द्राक्षवाला, दारात उभं राहिलं की पंखे दिसतात.

दराचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ मध्ये देशातल्या पहिल्या पवन लिलावात युनिटला ३ रुपये ४६ पैसे निघाले आणि त्याच डिसेंबरात गुजरातेत २.४३, तेव्हा वीज महाग आहे असं कुणी सांगू नये. महाग पडतं ते तिला सांभाळणं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून जून ते सप्टेंबर आमच्याकडं आणि तिकडं वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर पंखे थांबत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच शेतीपंप बंद, मागणी उतरलेली. बॅटरी दोन-चार तास वीज धरते, दुपारची सोलर संध्याकाळी वापरायला ती बरी, पण जुलैची वीज एप्रिलपर्यंत धरायची म्हटलं तर तेवढ्या बॅटऱ्या कुणाच्या बापाला परवडणार. पाणी वर चढवून परत खाली सोडायचा घाटघरसारखा २५० मेगावॉटचा प्रकल्प घेतला तरी त्यात १०० युनिट घातली की साधारण ७५च परत मिळतात.

आता आमचं बघा. जुलै-ऑगस्टला कृष्णा दुथडी वाहती, कोयनेचे दरवाजे उघडलेले, सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी तासातासाला विचारतायत, आणि त्याच दिवशी जत, आटपाडी, कवठेमहांकाळला तलाव कोरडे. गेल्या वर्षी आमच्या तलावात तळाला भेगा होत्या आणि वर पंखे गरागरा फिरत होते, ते बघून जीव नुसता जळतो हो. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या नदीचं पाणी वर उचलणाऱ्या उपसा सिंचन योजनांचे पंप उभेच आहेत, मग ही वीज त्यांनाच द्या आणि पुराचं पाणी वर चढवा, परत वीज करायचीच नाही म्हटल्यावर परतीची घट पण नाही.

हिशेब सांगतो, हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला पंपाची घट धरून ०.४ युनिट लागतं, म्हणजे एक टीएमसीला (अब्ज घनफूट पाण्याला) १ कोटी १० लाख युनिटच्या आसपास. आमच्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं त्याहून बरंच जास्त चढवावं लागतं, म्हणूनच या योजनांचं बिल डोक्यावर बसतं, ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचं ठरलं तरी थकबाकीची बोंब व्हायची ती होतेच. त्या चार महिन्यांपुरता वेगळा स्वस्त दर लावला तर दोघांचंही ओझं उतरंल.

यानं पूर हटंल असं मी म्हणत नाही, पुरापुढं पंपांची ताकद थोडीच. आणि वारा पडला की मोठा पंप लगेच बंद, आला की लगेच चालू असं करता येत नाही, कालव्याचं पण बघावं लागतं, पण उद्याच्या वाऱ्याचा अंदाज आज मिळतो की, त्यावर दुसऱ्या दिवसाचं आवर्तन ठरवता येतं.

पावसाळी दर जून लागायच्या आत जाहीर करा एवढीच मागणी. तलाव, बंधारे तयारच आहेत, फक्त गाळ मे महिन्यातच काढायला पाहिजे.

आपला एक वाचक,
ढालगाव, ता. कवठेमहांकाळ, जि. सांगली