वाढत्या अंगाची दांडी नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने (स्टिकने) चेंडू झेलून फेकण्याच्या खेळालाही, प्रवेश मिळाला. चर्चा अर्थातच क्रिकेटची झाली. तरीही साताऱ्यात काही मुले जाळीची ती काठी घेऊन मैदानावर दिसू लागली आहेत, आणि मी निवृत्त क्रीडाशिक्षक असल्याने पालक मला स्टिकविषयी विचारतात. त्यांचा सगळा प्रश्न जाळीचा असतो; दांडीकडे कोणी पाहत नाही.

गेल्या महिन्यात नऊ वर्षांचा एक मुलगा सरावाला आला. चेंडू झेलून वळताना दांडीचे खालचे टोक दर वेळी त्याच्या बरगडीला अडत होते. वडील म्हणाले, "सर, वाढत्या अंगाची घेतलीय." गणवेशाची बाही दुमडता येते, दांडीचे तसे नाही. मोठ्यांच्या खेळात आखूड स्टिक जाळीसह ४० ते ४२ इंच असते आणि त्यासाठी ३० इंची दांडी लागते. परंतु अमेरिकेतील मुलांच्या नियमांत दहा वर्षांखालील खेळाडूंना स्टिक ३७ इंचांपर्यंत आखूड करण्याची सूट आहे. म्हणून आम्ही त्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीचे तीन इंच हॅक्सॉने कापले. जाळीच्या बाजूला स्क्रूचे भोक असल्याने कापायचे ते खालूनच, मग कडा कानशीने घासायच्या आणि रबरी टोपण पुन्हा घट्ट बसवायचे, कारण उघड्या नळीने समोरच्याला जखम होते. कापलेला तुकडा त्या मुलाने कंपासपेटीत ठेवला आहे.

लांबीइतकाच घेर महत्त्वाचा. मूठ वळल्यावर बोटांची टोके तळव्याजवळ येत नसतील, तर दांडी जाड आहे. तिचे आठ पैलू शोभेसाठी नसतात; जाळीचे तोंड कुठे वळले आहे हे न पाहता बोटांना त्यांच्यावरूनच कळते, त्यामुळे त्यावर टेपचे जाड थर चढवू नयेत. एका पालकांनी हौसेने सुताराकडून बाभळीची दांडी करून घेतली. ती मोडली नसती, पण तासाभरात मुलाचे मनगट भरून आले. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या स्टिक हिकरी लाकडाच्याच असत हे खरे, मात्र शिकणाऱ्या मुलाला साधे, हलके अ‍ॅल्युमिनियम पुरते. त्याला पोचा पडला तर डोळ्यांना दिसतो. कार्बन फायबरची महाग दांडी हलकी असली तरी तिला गेलेला बारीक तडा सहसा हाताने चाचपल्याशिवाय सापडत नाही.

बचावपटू म्हणून लहान मुलाच्या हाती ६० इंची दांडी देणे तर पूर्ण अनाठायी आहे. ऑलिम्पिकमध्ये खेळला जाणारा सहा-सहा जणांचा 'सिक्सेस' प्रकार गोलरक्षक सोडून सर्वजण आखूड स्टिकनेच खेळतात. मुलींच्या स्टिकचे नियम वेगळे असून तिथे किमान लांबी साडेपस्तीस इंच आहे, त्यामुळे मुलांची उरलेली स्टिक मुलींना देण्याचा प्रकारही थांबावा.

एकाच मापाचा सरसकट संच मागवण्यापूर्वी जिल्ह्यातील शाळांनी मुलांना वयोगटाप्रमाणे रांगेत उभे करून दांडीची लांबी व घेर मागणीपत्रात स्वतंत्र लिहावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा